चोपड्याहून निघालेल्या केळीच्या ट्रकची तक्रार : टर्बो, डिझेल पंप आणि एका बारीक नळीची ओळख

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात चोपडा तालुक्यातून केळी भरून इंदूरकडे निघालेला एक दहाचाकी ट्रक बिजासन घाटात अडकला. अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्त्याने शिरपूरपर्यंत तो नीट आला होता. तेथून मुंबई-आग्रा महामार्गाला लागून पळासनेर मागे पडले आणि खरा चढ सुरू झाला, तेव्हा गाडीने ओढणे सोडले, सायलेन्सरातून काळा धूर निघू लागला आणि बॉनेटखालून हवा सुटल्यासारखा फुसफुस आवाज येऊ लागला. चालक वयाने मोठे आणि याच मार्गावर केस पिकलेले गृहस्थ असल्यामुळे त्यांनी गाडी रेटली नाही. पहिल्या गिअरमध्ये हळूहळू चढवत त्यांनी ती एका ढाब्यापाशी उभी केली आणि मालकाला फोन करून एवढेच सांगितले, "भाऊ, घाटमा गाडी चढस नही, नुसता काया धूर टाकस."

केळी थांबत नाही. दुसरी गाडी मागवून माल हलवला गेला, आणि रिकामा ट्रक रस्त्यालगतच्या एका गॅरेजात गेला. तो आमच्या धुळ्याच्या गॅरेजात पोहोचेपर्यंत नऊ दिवस उलटले होते. त्या नऊ दिवसांत गाडीला दुसरा टर्बो, म्हणजे इंजिनला हवा दाबून देणारे यंत्र, बसला होता, डिझेलचे दोन्ही फिल्टर आणि फीड पंप नवे झाले होते, मालकाचे बरेच पैसे गेले होते, आणि तक्रार मिटण्याऐवजी तिने रूप बदलले होते. आता धूर अजिबात नव्हता. आवाजही कमी झाला होता. मात्र रिकामी गाडीसुद्धा सावळद्याच्या तापी पुलाकडून धुळ्याकडे येताना उड्डाणपुलाच्या साध्या चढावर दोन गिअर खाली घ्यावी लागत होती. आधीच्या मिस्त्रींचे मत असे होते की, टर्बो बदलल्यामुळे धूर थांबला, म्हणजे टर्बोचा दोष निघाला. उरलेला दोष डिझेल पंपाचा असून तो कॅलिब्रेशनला, म्हणजे बेंचवर डिझेलचे माप जुळवायला, पाठवावा.

मला हे प्रकरण लिहून ठेवावेसे वाटले ते या निष्कर्षामुळे. तो वरवर सरळ वाटतो आणि तरीही उलटा आहे.

धूर थांबला याचा अर्थ

डिझेल इंजिनचा काळा धूर म्हणजे पूर्ण न जळालेले डिझेल. सिलिंडरमध्ये जितके डिझेल पडले तितके जाळण्यास हवा पुरली नाही की काजळी तयार होते आणि ती सायलेन्सरातून बाहेर पडते. म्हणून काळा धूर थांबण्याची कारणे दोन असतात : एक तर हवा वाढली, किंवा डिझेल कमी झाले. हवा वाढून धूर थांबला असेल, तर गाडीची ओढ वाढलीच पाहिजे. येथे धूर थांबला आणि ओढही आणखी घटली. याचा अर्थ, आधीच्या दुरुस्तीत कोणीतरी, कळत वा नकळत, डिझेल कापले होते. हवेचा मूळ दोष दूर झाला की नाही हे यावरून कळतच नव्हते, कारण जाळायला डिझेलच नसेल तर हवेची उणीव दिसणार कशी?

मालकांना मी हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, "दादा, पण पंपाला तर त्यांनी हातच लावला नाही." आधीच्या गॅरेजची हाताने लिहिलेली पावती त्यांनी पुढे केली. तिच्यावर इतर नोंदींसोबत "टर्बोचा पाइप बदलला" अशी एक ओळ होती. या ओळीपाशी मी बराच वेळ थांबलो. टर्बोला जोडलेल्या नळ्या मोजल्या तर त्या सहाहून कमी भरत नाहीत. फिल्टरकडून हवा आणणारी, दाबलेली हवा ती थंड करणाऱ्या इंटरकूलरकडे नेणारी, एक्झॉस्ट मॅनिफोल्डचा जोड, सायलेन्सरकडे जाणारी, ऑइल आणणारी, ऑइल परत नेणारी, आणि वेस्टगेटच्या, म्हणजे दाब फार वाढला की धुराला टर्बाइन टाळून वाट देणाऱ्या झडपेच्या, डबीला हवेचा दाब कळवणारी बारीक नळी, या सगळ्यांना आपल्याकडे "टर्बोचा पाइप" असेच म्हणतात. पावतीवरून यातली कोणती नळी बदलली हे कळण्याचा मार्ग नव्हता. ज्याने ती लिहिली त्याला तरी ते नेमके ठाऊक होते का, अशी शंका मला तेव्हाच आली होती.

खडू घेऊन इंजिनभोवती

इंजिन सहा सिलिंडरचे, टर्बो आणि इंटरकूलर असलेले, आणि जुन्या पद्धतीच्या यांत्रिक इनलाइन पंपाचे होते. एकही पाना न लावता मी आमच्याकडे शिकणाऱ्या दोन मुलांना चार रंगांचे खडू दिले आणि प्रत्येक नळी दोन्ही टोकांपर्यंत हाताने चाचपत जाऊन तिच्यावर खूण करण्यास सांगितले : हवेला पांढरा, धुराला लाल, ऑइलला पिवळा आणि डिझेलला निळा. या कामाला पाऊण तास लागला. मालक अधूनमधून घड्याळ पाहत होते, ते स्वाभाविक आहे. पण माझा अनुभव असा की, हा पाऊण तास जो वाचवतो तो पुढे चार दिवस घालवतो.

टर्बोची ओळख धातूपासून सुरू करावी. त्याचे दोन शंख असतात. एक बिडाचा, तांबूस गंजलेला, एक्झॉस्ट मॅनिफोल्डला थेट बोल्टने जखडलेला. तो टर्बाइनचा भाग, आणि धुराच्या जोराने त्याच्यातले चाक फिरते. दुसरा ॲल्युमिनियमचा, फिकट रंगाचा. तो कॉम्प्रेसरचा भाग, आणि त्याच्यातले चाक फिल्टरची हवा ओढून दाबते. दोन्ही चाके एकाच दांड्यावर असतात आणि तो दांडा मिनिटाला एक लाखाच्या आसपास फेरे घेऊ शकतो. स्वित्झर्लंडचे अभियंता आल्फ्रेड ब्यूखी यांनी वाया जाणाऱ्या धुरावर असे यंत्र चालवण्याच्या कल्पनेचे पेटंट १९०५ मध्ये घेतले, आणि रचनेचा गाभा अजून तोच आहे.

दोन शंखांच्या मधल्या भागाला वरून एक बारीक आणि खालून एक जाड नळी जोडलेली असते. वरची बारीक नळी इंजिनच्या दाबाचे ऑइल आणते. खालची जाड नळी तेच ऑइल कोणत्याही दाबाविना, केवळ उताराने, चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनच्या तळाच्या ऑइलच्या भांड्यात, परत सोडते. बाहेर येणारे ऑइल फेसाळलेले असते आणि त्याला मोकळी जागा लागते, म्हणून ती जाड. शिकाऊ मुले हमखास येथे चुकतात. जाड नळी पाहून ती दाबाची असावी असे त्यांना वाटते, आणि एकाने तर मागे एकदा तिला इंजिनच्या श्वासाची नळी ठरवले होते. ही नळी वाकली, तुंबली किंवा तिच्या जोडाला गॅस्केटऐवजी भरमसाठ सिलिकॉन लावून भोक अरुंद झाले, तर ऑइल मागे साचते आणि शंखांतून गळू लागते, आणि मग चांगला टर्बो "सील गेला" म्हणून काढला जातो. या गाडीत ती नळी स्वच्छ होती.

जुना टर्बो मालकांनी सुदैवाने बदल्यात दिला नव्हता. तो केबिनमध्ये पोत्यात गुंडाळून ठेवलेला होता. "दांडा हलतो" हे त्याला काढण्याचे कारण सांगितले गेले होते. तो हलत होता, आणि हलायलाच हवा. ट्रकच्या बहुतेक टर्बोंमध्ये हा दांडा बॉल बेअरिंगवर नसून तरंगत्या बुशांवर असतो. बुश आणि दांडा यांच्यात ऑइलचा थर असतो आणि त्या थरावर तो फिरतो. ऑइल नसताना हाताने धरला तर तो आडवा काही दशांश मिलिमीटर हलणारच. पुढे-मागे मात्र त्याची हालचाल फार थोडी, मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास वा त्याहून कमी असावी. खरी कसोटी अशी की, दांडा एका बाजूला दाबून धरत चाक फिरवले असता पाती शंखाला घासतात का. जुन्या टर्बोत ती घासत नव्हती, पात्यांच्या टोकांवर चकाकी नव्हती, आणि कॉम्प्रेसरच्या शंखात ऑइल केवळ ओलसरपणापुरते होते. म्हणजे मूळ टर्बो निरोगी असताना काढला गेला होता.

मग दोन्ही टर्बोंच्या पट्ट्या पुसून त्यांवरचे क्रमांक शेजारी लिहिले. मॉडेलचे नाव एकच, पण भागाच्या क्रमांकाचे शेवटचे दोन अंक वेगळे होते. हे दोन अंक दुकानदारांच्या बोलीत "काही फरक पडत नाही" या सदरात जातात. फरक पडतो. बाहेरून दोन्ही टर्बो जुळे भाऊ वाटत होते, बोल्टची भोके जुळत होती, वेस्टगेटची डबी दोघांवर होती. परंतु जुन्याच्या ॲल्युमिनियमच्या शंखावर एक छोटे नाक होते आणि त्याच्यापासून वेस्टगेटच्या डबीपर्यंत वीतभर रबरी नळी जात होती. नव्याच्या शंखावर त्या जागी नाकाचा फुगवटा होता, पण त्याला भोक पाडलेले नव्हते. तो ज्या इंजिनसाठी बनला होता त्यात वेस्टगेटला दाब दुसरीकडून मिळत असावा, असा मी तर्क केला.

मग या गाडीत नव्या टर्बोच्या वेस्टगेटला दाब कोठून दिला होता?

निळ्या खडूचा प्रवास

हे कोडे पांढऱ्या खडूने सुटायला हवे होते. प्रत्यक्षात ते निळ्या खडूवाल्या मुलाने सोडवले. डिझेलचा मार्ग त्याने टाकीपासून धरला होता. टाकीतून येणारी नळी पंपाच्या कुशीला बसवलेल्या फीड पंपाला मिळते. त्यालाच हवा काढण्याचा हातपंप असतो. फीड पंप डिझेल ओढून दोन फिल्टरांतून ढकलतो आणि तेथून ते मोठ्या पंपाच्या पोटातल्या आडव्या दालनात, म्हणजे गॅलरीत, येते. गरजेहून जास्त आलेले डिझेल गॅलरीच्या दुसऱ्या बाजूने ओव्हरफ्लो व्हॉल्व्हमधून टाकीकडे परतते. पंपाच्या डोक्यावरून सहा पोलादी नळ्या सिलिंडरांत डिझेल फवारणाऱ्या सहा नोजलांकडे जातात. त्या ओळखायला सोप्या : बाहेरून करंगळीहून बारीक, आतून सुईएवढे भोक, भिंत जाड, आणि सहाही नळ्यांची लांबी सारखी. जवळच्या सिलिंडरची नळी मुद्दाम वळसे देऊन लांब केलेली असते, म्हणजे प्रत्येक नोजलला डिझेल पोहोचण्याचा वेळ समान राहतो. नोजलांच्या माथ्यावरून एक हलकी नळी झिरपलेले डिझेल गोळा करून परत नेते. बॉश कंपनीने १९२७ मध्ये अशा इनलाइन पंपांचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू केले, आणि त्यांचा हा नकाशा इतक्या वर्षांत फारसा बदललेला नाही. ज्याने एक पंप नीट पाहिला त्याला दुसरा परका वाटत नाही.

ओव्हरफ्लो व्हॉल्व्हबद्दल एक गोष्ट सांगून पुढे जातो. तो दिसायला साध्या बॅंजो बोल्टसारखाच, म्हणजे नळी जोडण्याच्या पोकळ बोल्टसारखाच, असतो, पण त्याच्या आत स्प्रिंग आणि गोळी असते. गॅलरीत डिझेलचा थोडा दाब टिकवून धरणे हे त्याचे काम. फिल्टर बदलताना घाईत हा व्हॉल्व्ह आणि आत येणाऱ्या बाजूचा साधा बोल्ट यांची अदलाबदल झालेली मी यापूर्वी दोनदा पाहिली आहे. त्यांतल्या एका गाडीचा पंप उगाच बेंचवर जाऊन आला होता. येथे फिल्टर नवे होते म्हणून तो संशय घेणे भाग होते. बोल्ट काढून हलवला, आत गोळी खुळखुळली, जागाही बरोबर होती. तांब्याचे वायसर मात्र जुनेच चढवलेले होते, ते बदलले.

निळ्या खडूवाल्या मुलाने या सगळ्या नळ्यांवर खुणा केल्या आणि पंपाच्या मागच्या टोकाला, इंजिनचा वेग आवरणाऱ्या गव्हर्नरच्या वर असलेल्या चपट्या गोल डबीपाशी येऊन तो थांबला. त्या डबीच्या नाकात नळीच नव्हती. तेथे एक छोटा बोल्ट रबराच्या तुकड्यात घालून, वर क्लिप आवळून, तोंड बंद केलेले होते. "दादा, हिच्यात डिझेल येतं की जातं?" असे त्याने मला विचारले, आणि उत्तर असे होते की, दोन्ही नाही. ती डबी डिझेलची नाही. ती हवेची आहे, डिझेलच्या पंपावर बसलेली.

टर्बो असलेल्या यांत्रिक पंपाचा हा सर्वांत कमी ओळखला जाणारा भाग आहे. डबीच्या आत रबरी पडदा आणि स्प्रिंग असते. सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या इनटेक मॅनिफोल्डमधून एक बारीक नळी टर्बोच्या हवेचा दाब पडद्यावर आणते. गाडी उभी आहे, टर्बो मंद आहे, तेव्हा पडद्यावर दाब नसतो आणि स्प्रिंग पंपाच्या रॅकला, म्हणजे डिझेलचे माप कमीजास्त करणाऱ्या दांड्याला, पूर्ण डिझेल देण्यापासून अडवते. अन्यथा हवा नसताना डिझेल पडून काळा धूर होईल. टर्बोने दाब धरला की पडदा दबतो, अडसर सरकतो आणि रॅकला पुढची मोकळीक मिळते. चालकाने ॲक्सिलेटर कितीही दाबला तरी हवेचा कौल मिळाल्याशिवाय ही डबी जास्तीचे डिझेल सोडत नाही. आता तिची नळी काढून तोंड बंद केले तर काय होईल, हे सांगायला नको. पंपाला कायम असेच वाटत राहील की टर्बो चालतच नाही. डिझेल कमी पडेल, म्हणून धूर होणार नाही; डिझेल कमी म्हणून धुरात उष्णता कमी, उष्णता कमी म्हणून टर्बाइन सावकाश, आणि टर्बाइन सावकाश म्हणून हवाही कमी. हे चक्र एकदा सुरू झाले की नव्यातला नवा टर्बोसुद्धा काही करू शकत नाही.

मॅनिफोल्डमधून निघणारी ती मूळ बारीक नळी शोधली, तर ती नव्या टर्बोच्या वेस्टगेटच्या डबीला जोडलेली सापडली. नव्या शंखाला भोक नव्हते, वेस्टगेटला तर दाब हवा होता. जवळच एक हवेची नळी दिसली, ती तिकडे वळवली. पावतीतली "टर्बोचा पाइप बदलला" ही ओळ हीच.

त्या मिस्त्रींना मी फोन केला. दोष काढण्यासाठी केला नव्हता. त्यांनी ती डबी कशाची समजली होती ते मला जाणून घ्यायचे होते. ते मोकळेपणाने बोलले. या गाडीला एक्झॉस्ट ब्रेक, म्हणजे धुराची वाट अडवून गाडीचा वेग आवरणारा ब्रेक, आहे, आणि अशा काही गाड्यांमध्ये ब्रेक लावताच पंप बंद करणारा हवेवर चालणारा छोटा सिलिंडर पंपापाशी असतो. ही डबी म्हणजे तोच सिलिंडर, असा त्यांचा समज झाला होता, आणि त्याच्याविना गाडी चालते म्हणून त्यांनी तोंड बंद केले. ही चूक मला अडाणीपणाची वाटत नाही. पंपाच्या मागच्या टोकाला, लिव्हरच्या शेजारी, हवेची नळी येणारी गोल वस्तू, एवढे वर्णन दोघांनाही लागू पडते. फरक कळतो तो नळीचे दुसरे टोक पाहिल्यावर. ते एअर टँक आणि ब्रेकच्या व्हॉल्व्हकडे गेले तर सिलिंडर, आणि इनटेक मॅनिफोल्डकडे गेले तर बूस्टची, म्हणजे टर्बोच्या दाबाची, डबी. भाग जेथे बसला आहे त्यावरून किंवा त्याच्या आकारावरून नव्हे, तर त्याची नळी कोठून येते यावरून त्याचे नाव ठरते. या गाडीत झालेल्या सगळ्या गोंधळाचे मूळ या एका नामकरणात होते.

धूर परत येतो

मी एका वेळी एकच बदल करून चाचणी घेण्याच्या मताचा आहे, मग त्यात एक फेरी जास्त पडली तरी चालेल. म्हणून टर्बो लगेच बदलला नाही. मॅनिफोल्डच्या नळीला टी जोड लावून एक फाटा पंपाच्या डबीला आणि एक वेस्टगेटला तात्पुरता दिला, आणि तिसरी नळी केबिनपर्यंत लांबवून तिला दाबाचा घड्याळी मीटर लावला. एका व्यापाऱ्याची मक्याची पोती त्याच दिवशी मालेगावकडे जायची होती. ती या ट्रकमध्ये भरली, म्हणजे सुमारे १५ टन वजन झाले. धुळ्यात चढाची परीक्षा घ्यायची तर लळिंग घाट सोयीचा आहे. गाव सोडले की थोड्याच अंतरावर किल्ल्याच्या पायथ्याने रस्ता वर चढतो.

आदल्या दिवशी, नळी वळवलेल्या अवस्थेत, हाच मीटर लावून रिकाम्या गाडीची फेरी घेतली होती. तेव्हा काटा ०.३ बारच्या पुढे गेला नव्हता. आता भरलेल्या गाडीत तो ०.५ पर्यंत चढला, ओढ स्पष्ट सुधारली, आणि आरशात काळा धूर दिसू लागला. जुना फुसफुस आवाजही परतला. शेजारी बसलेल्या मालकांचा चेहरा उतरला. "दादा, हे तर होतं तिथंच आलं," ते म्हणाले. चालक आप्पांनी मात्र मान डोलावली. त्यांना बिजासनची तीच गाडी पुन्हा ओळखू आली होती, आणि माझ्या दृष्टीने ही त्या दिवसाची सर्वांत चांगली बातमी होती, कारण नऊ दिवसांत वर चढवलेला खोटा थर निघून मूळ तक्रार जशीच्या तशी समोर उभी राहिली होती.

आता हवा कोठे सुटते ते पाहायचे होते. एअर फिल्टर आधीच पाहिला होता. आपल्याकडच्या धुळीने तो लवकर भरतो, पण हा ठीक होता. टर्बो आणि मॅनिफोल्ड यांच्यामधला सगळा मार्ग, म्हणजे दोन मोठे पाइप, इंटरकूलर आणि चार रबरी होज, हा बंद करून फुगवून पाहणे हा एकच खात्रीचा उपाय आहे. फिल्टरकडचा पाइप काढून टर्बोच्या तोंडावर ट्यूबचा व्हॉल्व्ह बसवलेले झाकण क्लिपने आवळले, आणि टायरच्या कॉम्प्रेसरची हवा रेग्युलेटरमधून फार दाब न चढू देता सोडली. इतका दाब पुरतो. जास्त दिला तर झाकण उडून माणसाला लागते. मग साबणाचे पाणी ब्रशने फिरवत गेलो. वरच्या जोडांवर काही नाही. इंटरकूलरच्या खालच्या होजवर, वरून स्वच्छ दिसणाऱ्या भागाच्या पोटाला, जेथे हात गेला तरी डोळा जात नाही, तेथे फेसाचे बुडबुडे उठले. होज काढून पिळला तेव्हा दोन बोटे लांबीची चीर उघडली. टर्बोतून येणारा ऑइलचा ओलावा तळाशी साचून तेथले रबर मऊ झाले होते, आणि त्या होजला मूळच्या रुंद स्प्रिंगच्या क्लिपऐवजी साधी स्क्रूची अरुंद क्लिप लावलेली होती. तिच्या कडेने रबर कापत गेले होते. गाडी उभी असताना चीर मिटलेली राही. चढावर दाब आला की ती उघडे, हवा सुटे आणि फुसफुस होई. पहिल्या दिवशी गाडी गॅरेजात उभी करून रेस दिल्यावर काही सापडले नाही, याचे कारण हेच. भार नसताना टर्बो फारसा दाब धरतच नाही.

नवा होज आणि योग्य क्लिपा घातल्या. जुना टर्बो स्वच्छ करून, ऑइलच्या तोंडातून आधी हाताने ऑइल भरून, नव्या गॅस्केटवर परत बसवला. त्याच्या नाकापासून वेस्टगेटपर्यंतची वीतभर नळी नवी टाकली. मॅनिफोल्डची बारीक नळी पंपाच्या डबीला मूळ जागी जोडली. इंजिन सुरू करण्यापूर्वी काही वेळ नुसते फिरवून ऑइलचा दाब वर आणला; कोरड्या बुशांवर टर्बो फिरवणे म्हणजे तो मारणे होय.

दुसऱ्या फेरीत लळिंगच्या चढावर काटा १ बारच्या किंचित अलीकडे स्थिर राहिला आणि गाडी आधीपेक्षा दोन गिअर वर चढली. आप्पांनी काही बोलायचे टाळले; त्यांनी फक्त खिडकीवर कोपर टेकवले. तरी पूर्ण भारावर अजून एक पातळ करडा पट्टा धुरात दिसत होता, आणि तो मला मान्य नव्हता. पंपाकडे पुन्हा पाहिले तेव्हा पूर्ण भाराच्या डिझेलचा स्क्रू ज्या तारेने आणि शिशाने मोहरबंद असतो ती तार नसल्याचे दिसले, आणि स्क्रूच्या लॉकनटावर पान्याच्या ताज्या खुणा होत्या. डबी बंद केल्यावर ओढ गेली, म्हणून ती परत आणण्यासाठी कोणीतरी हा स्क्रू फिरवला होता. हा स्क्रू गॅरेजात अंदाजाने मागे घेण्याचा मोह होतो, आणि मीही तरुणपणी ते केले आहे. आता करत नाही. त्याचे माप बेंचवरच्या काचेच्या नळ्यांतच कळते. पंप काढून कॅलिब्रेशनला पाठवला. तेथे सहाही सिलिंडरांचे डिझेल ठरलेल्या मापापेक्षा सारख्याच प्रमाणात जास्त निघाले, म्हणजे पंपाची झीज नव्हती, केवळ स्क्रू फिरला होता. माप बसवून नवे सील लावून पंप दोन दिवसांत परत आला. म्हणजे शेवटी पंप कॅलिब्रेशनला गेलाच, पण वेगळ्या कारणासाठी.

पंप चढवल्यावर हातपंपाने हवा काढली आणि नोजलांच्या नळ्यांचे नट एकेक करून किंचित सैल करत सहाही सिलिंडर काम करतात हे पाहिले. येथे एक इशारा देणे आवश्यक आहे. ही पद्धत फक्त अशा यांत्रिक पंपाच्या गाडीवर चालते, आणि तीही हात दूर ठेवून. त्या नळीतून निघणारी बारीक धार कातडी भेदून आत जाते आणि सुरुवातीला जखम टाचणीच्या टोचण्याएवढीच दिसते. गळती शोधायची तर पुठ्ठ्याचा तुकडा धरावा, बोट नव्हे. देशभर १ एप्रिल २०१७ पासून भारत स्टेज ४ आणि १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ लागू झाल्यानंतर आलेल्या कॉमन रेल ट्रकमध्ये चालू इंजिनचे नट सैल करण्याचा विचारही करू नये. तेथे दाब हजार बारच्या कितीतरी पुढे असतो. त्या गाड्यांत पंपावरची ही डबीही सापडणार नाही. मॅनिफोल्डवर तारा असलेला दाबाचा सेन्सर तिचे काम करतो आणि कॉम्प्युटर डिझेल ठरवतो. त्यांच्यात नळ्या कमी झालेल्या नाहीत, उलट युरियाच्या द्रवाच्या नळ्या वाढल्या आहेत, आणि कोणती नळी कशाची हे चुकण्याची किंमतही वाढली आहे.

हिशेबाची बाजू मालकांना बोचणारी होती. होज, क्लिपा, वायसर, गॅस्केट, कॅलिब्रेशन आणि आमची मजुरी मिळून जेवढे झाले, त्याच्या कितीतरी पट रक्कम आधीच्या टर्बोत गेली होती, आणि एकदा ऑइल लागलेला माल म्हणून दुकानदाराने तो परत घेतला नाही. आधीच्या मिस्त्रींनी आपली मजुरी मालकांना परत देऊ केली. मालकांनी निम्मी घेतली. खडूच्या खुणा इंजिनवरून पुसल्या गेल्या असत्या म्हणून पंपाच्या डबीवर आणि मॅनिफोल्डच्या तिच्या नाकावर आम्ही पांढऱ्या रंगाचा एकेक ठिपका दिला. ट्रक पुढच्याच आठवड्यात चोपड्याहून केळी घेऊन बिजासन चढून गेला, असे आप्पांनी सेंधव्याहून फोन करून कळवले.

तो बिनभोकाचा टर्बो मालकांनी आमच्याकडेच ठेवला आहे. त्याच्या बिडाच्या आणि ॲल्युमिनियमच्या शंखांवर आता खडूचे थर चढले आहेत, आणि नवा मुलगा कामाला आला की पहिल्या दिवशी त्याच्या हातात तो देऊन वेस्टगेटला दाब कोठून मिळणार हे विचारले जाते.